बाबांच्या बाजूचं स्टिअरिंग

या सदरातले अनुभव मी नियमित वाचते. पण खरं सांगू का… घाबरायला नाही, चहाबरोबर जरा करमणूक होते म्हणून. पांढरी साडी, पिंपळाचं झाड, अमावस्या, आणि शेवटी हमखास कुणाला तरी ताप! आमच्या घरात हा प्रकार कधी चाललाच नाही. आम्ही बौद्ध, बावीस प्रतिज्ञा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाल्या. शेजारी कुणाच्या अंगात आलं की बाबा त्या माणसाला सरळ ट्रकमध्ये बसवून दवाखान्यात नेत, आणि परत येऊन मांत्रिकाशी भांडत. त्यात मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची निदेशक. वायर सोलण्यापासून सर्किट बोर्ड दुरुस्त करण्यापर्यंत सगळं पोरांना शिकवते. त्यामुळे हे लिहिताना मला लाज वाटतेय. आमच्या ट्रेडच्या पोरांपैकी कुणी वाचलं तर ‘मॅडमला भूत दिसलं’ म्हणून वर्षभर पुरेल इतका मसाला त्यांना मिळेल. पण पोरांनो, भूत दिसलेलं नाही. काहीच दिसलेलं नाही. पंचाईत तीच आहे.

आम्ही राहतो वडशाला. कागदोपत्री देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. आरमोरीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक राइस मिल लागते, तिच्या मागे आमचं घर. घरात आई, बाबा आणि मी. मागच्या बाजूला एक खोली आहे, पूर्वी तिथे धानाची पोती ठेवायचो. तिला एकच खिडकी, ती पण मिलच्या भिंतीकडे उघडणारी. सगळा प्रकार याच खोलीत घडला, आणि तो दिवसाढवळ्या, सुरुवातीला तर रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर. काळोख, वादळ, कुत्र्यांचं रडणं यातलं काहीही मी देऊ शकत नाही. मिलचा घरघराट मात्र होता.

तर या खोलीत मी विमान बांधलं.

उडणारं नाही हो. फ्लाइट सिम्युलेटर. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा प्रोग्राम असतो. हौशी लोक त्याच्याभोवती खरोखरीचं कॉकपिट उभं करतात — सीट, पॅनल, बटणं, पायाखाली पेडल, आणि हातात धरायला योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग. लॉकडाऊनमध्ये मला त्याचे व्हिडिओ बघायचा नाद लागला आणि तो सुटला नाही. मी लग्न केलं नाही म्हणून नातेवाइकांनी बरंच ऐकवलं होतं. कॉकपिट करते म्हटल्यावर त्यांनी ऐकवायचंच सोडून दिलं, हा पहिला फायदा. आई एवढंच म्हणाली, “त्या खोलीतल्या उंदरांचं पाहून घे आधी.”

प्लॅनिंगच वर्षभर चाललं. ग्राफ पेपरवर ड्रॉइंग, मग खोक्यांच्या पुठ्ठ्याचं मॉडेल. त्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघायचं — हात कुठवर पोचतो, गुडघा कुठे लागतो, मान किती वळवावी लागते. मी निवडलं ते दोन सीटचं लहानसं विमान. विमानात पायलट डावीकडे बसतो. दोन्ही सीटसमोर एकेक योक असतो, आणि खऱ्या विमानात ते आतून एकमेकांना जोडलेले असतात. मी योक एकच मागवला. उडवणार मी एकटी, मग दुसरा कशाला? खरा डावीकडे, आणि उजवीकडे दिसायला म्हणून नुसता लाकडी, असं ठरवलं.

सांगाडा कुणाकडून करून घ्यायचा हा प्रश्न वडशात पडतच नाही. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या इथूनच गावोगाव निघतात, आणि त्यांचे सेट करणारे सिराजभाऊ तर आमच्या घरच्यासारखेच. बाबांनी उभी हयात नाटक कंपनीचा ट्रक चालवला. सिराजभाऊंचे राजवाडे, तुरुंग, कोर्ट, सगळं त्या ट्रकमधून पार गोंडपिपरीपर्यंत जायचं. उन्हाळ्यात सिराजभाऊ रिकामे असतात. माझं ड्रॉइंग त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “पब्लिक कुठून पाह्यणार?”

“पब्लिक नाही सिराजभाऊ. मी एकटीच.”

“मंग बनवून कायले राह्यली?”

ते त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. काम त्यांनी सेटसारखंच केलं. घडीच्या फळ्या, खिट्ट्या, सगळं सोडवून ट्रकमध्ये भरता येईल असं, आणि मागची बाजू सताड उघडी — पब्लिकसाठी. सीट एका भंगारातल्या जीपच्या मिळाल्या. मला लागणारी बटणं मी बसवली, वायरिंग मी केलं. उरलेली बटणं त्यांनी रंगाने काढली, आणि अशी काढली की खरी कुठली नि रंगवलेली कुठली हे दारातून मलाही कळायचं नाही. उजवीकडचं स्टिअरिंग त्यांनी सागाच्या तुकड्यातून कोरलं, सायकलच्या चाकाच्या जुन्या हबवर बसवलं आणि मागे एक स्प्रिंग लावली. फिरवलं की फिरायचं, सोडलं की सरळ व्हायचं. त्याच्या आसपास वायरचा तुकडाही नव्हता. हे वाक्य लक्षात असू द्या, कारण मला पुढे त्याचाच त्रास झाला.

जूनमध्ये कॉकपिट तयार झालं. पाऊस लागला, आणि बाबांना लकवा मारला.

उजवी बाजू गेली. पाय हळूहळू सावरला, काठी घेऊन ते चालू लागले. जीभ जड झाली, पण बोलणं समजायचं. हात मात्र गेला तो गेलाच. मूठ घट्ट मिटलेली, हात कोपरात वाकून छातीशी धरलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की सुरुवातीच्या महिन्यांत हात जितका हलवाल तितकाच पुढे कामाला येईल, नाहीतर असाच आखडून जाईल. व्यायाम शिकवले. बाबा करेनात. दाबायला रबरी चेंडू दिला की भिंतीकडे तोंड करायचे. आई घास भरवायची तेव्हा डोळे मिटून घ्यायचे. थंडीच्या धुक्यात ज्यांनी भरलेले ट्रक काढले, त्यांना बायकोच्या हातून जेवावं लागतं हे सोसत नव्हतं. मग घासही कमी होत गेले. “गेला थो हात,” म्हणायचे, जसं काही गावातलं कुणी वारलं. मला वर्गात शिकवताना मधेच ती मूठ आठवायची आणि बोर्डावर काय लिहीत होते ते विसरायला व्हायचं. दिवस भराभर चालले होते. मला फक्त एवढंच हवं होतं, ती मूठ उघडावी.

श्रावणातला एक रविवार. मी कॉकपिटमध्ये बसले होते. आवाज ऐकून बाबा काठी टेकत आले आणि मागच्या उघड्या बाजूने आत बघत उभे राहिले. सिराजभाऊंची पब्लिक अखेर आली! मी माझ्या सीटवरून उठले. म्हटलं, “या बाबा, इथे बसा. पायलटची जागा ही.”

बाबांनी मान हलवली. “थे क्लिनरची बाजू. म्या क्लिनरच्या बाजूले नाई बसत.”

आता काय बोलणार? रस्त्यावर ड्रायव्हर उजवीकडे असतो, विमानात डावीकडे, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाऊन उजवीकडे बसले. मग डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि त्या लाकडी स्टिअरिंगवर नेऊन ठेवला. मूठ तशीच, नुसती टेकवलेली. आजारपणानंतर त्या हाताकडे त्यांनी आपणहून लक्ष दिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. बापाला बरं वाटत असेल तर मी क्लिनर व्हायला एका पायावर तयार होते.

प्रोग्राममध्ये थेट हवेतूनही सुरुवात करता येते. मी वडशाच्या वर विमान सोडलं. खाली उपग्रहाच्या फोटोंवरून केलेलं चित्र दिसतं — रेल्वेची रेघ, धानाच्या बांध्या म्हणजे खाचरं, उजव्या अंगाला वैनगंगा. बाबा पुढे वाकले.

“हा आपला आरमोरीचा रस्ता?”

“हो.”

“मंग रस्ता सोडून काऊन चालून राह्यली?”

विमानाला रस्ता लागत नाही, हेही सांगून पाहिलं. मग नाद सोडला आणि रस्त्यावरूनच नेऊ लागले. मधेच केस तोंडावर आले म्हणून मी दोन्ही हात सोडले आणि क्लिप लावायला घेतली. पुढे रस्ता उजवीकडे वळत होता. विमान उजवीकडे कललं, वळण घेतलं आणि पुन्हा सरळ झालं. अगदी बेताने, भरलेला ट्रक वळवावा तसं.

मी क्लिप दातात धरून बघत राहिले. वारा असेल म्हटलं. पुढचं वळण डावीकडे होतं. मी हात मांडीवर ठेवले. विमान डावीकडे वळलं.

शेजारी पाहिलं तर बाबांची मूठ लाकडावर, आणि लाकूड किंचित, अगदी किंचित कललेलं. बाबांची नजर रस्त्यावर. आरमोरीच्या बाजारावर आल्यावर बाबांनी सवयीने हॉर्न शोधला.

पुढचा सगळा आठवडा मी डोकं खाजवत होते. ऑटोपायलट — बंद. वाऱ्याचं सेटिंग — शून्य. माझा योक आपोआप सरकतो का — सरकतो, पण नेहमी डावीकडेच, आणि अगदी नकळत. लाकडी स्टिअरिंग मी स्वतः गरागरा फिरवलं: विमान ढिम्म. आईला बसवलं: ढिम्म. वर “मले गरगरते बाप्पा” म्हणून ती उठून गेली. सिराजभाऊंना बोलावून घेतलं आणि तुम्ही आत गुपचूप काही जोडलंय का, असं सरळ विचारलं. त्यांनी हब सोडवून माझ्या हातात दिला.

“मॅडम, म्या नाटकाच्या तलवारी बनवतो. थ्या कापतात का कोणाले?” मग जाता जाता, “पयल्या प्रयोगाच्या आधी नारळ फोडा म्हटलं होतं तुमाले,” हेही ऐकवून गेले.

मग पुढचा रविवार. बाबा उजवीकडे, मी डावीकडे. विमान वळणं घेऊ लागलं तशी मी खाली वाकले आणि माझ्या योकची यूएसबी वायर उपसून काढली. कंट्रोलर जोडलेला नाही अशी पट्टी स्क्रीनवर आली. पेडल मी अजून जोडलेच नव्हते, कीबोर्ड मागच्या टेबलावर पडलेला. त्या कॉम्प्युटरला ‘वळ’ म्हणून सांगणारी एकही गोष्ट आता उरली नव्हती. वायरचं टोक माझ्या हातात होतं. आणि विमानाने रस्त्यातल्या एका पुलाच्या अलीकडचं वळण घेतलं.

भीती म्हणावी तर ती भीती नव्हती. पेपर आपल्याच विषयाचा, आणि प्रश्नच कळू नये, तसं काहीतरी झालं.

“घाबरून काऊन राह्यली?” बाबांनी विचारलं. “गाडी बराबर आहे.”

तुम्ही म्हणाल, मग अडचण काय? खरंच, अडचण काहीच नव्हती. उलट बाबांची करंगळी सैल झाली. मग तिच्या शेजारचं बोट. रविवारची वाट बघणारे बाबा रोज मी ड्यूटीवरून कधी येते याची वाट बघू लागले. गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, गोंडपिपरी… त्यांचा जुना रूट. खाली मला नुसता हिरवा-तपकिरी ठिपका दिसायचा आणि बाबा त्यावरून सांगत सुटायचे. या गावी वाऱ्याने मंडप उडाला होता. त्या गावाच्या अलीकडे राजवाड्याची अर्धी भिंत ट्रकमधून पडली, ती कुणाच्या लक्षातच आली नाही, आणि त्या प्रयोगात महाराजांनी झोपडीच्या सेटवर बसून राज्य केलं! सांगताना ते हसायचे. बोलणं स्वच्छ होत गेलं. आईने भरवलेला भात न कुरकुरता खाऊ लागले. हात मात्र बघावा तेव्हा स्टिअरिंगवर जेमतेम टेकलेला. एवढ्याशा हालचालीने विमान एवढं वळतं कसं, हा विचार आला की मी तो ढकलून द्यायची.

शहाणी असते तर तशीच ढकलत राहिले असते. पण तुटलेल्या सर्किटमधून करंट जात नाही, हे मी पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवते. तिकडे फळ्यावर हे लिहायचं आणि घरी येऊन रोज माझ्याच खोलीत… मला ते सहन होईना. शिवाय मनात असंही होतं की खरा योक असला तर बोटांना खरा जोर लावावा लागेल, हात लवकर सुधारेल. हे मी स्वतःला बरेचदा सांगितलं. विजयादशमीच्या सुटीत दुसरा योक आणला, लाकडी काढून त्या जागी बसवला, नीट वायरिंग केलं. माझ्या हाताने विमान दोन्ही बाजूंनी छान वळलं. मला हायसं वाटलं. एकदाची भानगड मिटली!

बाबा आले, बसले, हात उचलून ठेवला. वळण आलं. विमान आधी वळेचना. बाबा जोर लावत होते, कपाळावरची शीर दिसत होती, आणि मग हात एकदम कापला आणि विमान एका कुशीवर कोसळलं. मी माझ्या बाजूने सावरायला गेले तर दोन्ही योकांची आपसातच ओढाताण. खालच्या बांध्या भसकन वर आल्या आणि स्क्रीन काळा झाला.

“काही नाही, परत करू,” मी हसून म्हटलं. परत तेच झालं. त्यानंतर त्यांनी हात ठेवलाच नाही.

“सांगतलं होतं ना तुले,” ते म्हणाले. “गेला थो हात.” डाव्या हाताने उजवा उचलून छातीशी घेतला आणि काठी तिथेच विसरून भिंत धरत धरत बाहेर गेले.

नव्या योकला त्या हाताचा जेवढा जोर कळला, तेवढाच खरोखर त्या हातात होता. त्या हाताने विमान वळूच शकत नव्हतं. मग इतके दिवस… मला पुढे विचारच करता येईना.

बाबा त्या खोलीकडे फिरकेनासे झाले. बोलणं बंद, घास पुन्हा कमी, बोटं पुन्हा आत वळली. आई कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, “तुया खेळण्यानं माणूस उठून बसला होता रंजू. तूच त्याले झोपवला.” मी मोरीत नळ सोडून रडले. मला नक्की काय सिद्ध करायचं होतं? बापाची बोटं उघडत होती आणि मी वायर तपासत बसले होते!

नवा योक मी काढून टाकला, लाकडी परत बसवला. पण बाबा येतील तर ना. शेवटी एका दुपारी मी एकटीच बसले, स्पीकर मोठा केला आणि स्वतःशीच मोठमोठ्याने बोलत विमान काढलं. आरमोरीपुढे मुद्दाम रस्ता सोडला. “हे आता कुठलं गाव आलं बाई! हा फाटा कुठे जातो कोण जाणे!” आतून काही हालचाल नाही. मी आणखी चुकले. वैनगंगा ओलांडून पार ब्रह्मपुरीच्या अंगाला गेले आणि ओरडले, “आली एकदाची गडचिरोली!”

काठीचा आवाज आला.

“गडचिरोली?” बाबा दारातूनच म्हणाले. “पार उलटी गेली तू. एवढा रस्ता समजत नाई तुले?” आणि येऊन उजवीकडे बसले. हात उचलून लाकडावर ठेवला.

मी माझे हात मांडीवर घेतले. आणि मनातल्या मनात कुणाला तरी विनवणी केली. कुणाला ते विचारू नका. आमच्यात तशी पद्धत नाही.

विमान वळलं. बेताने, मोठं वळण घेऊन नदीवरून परत आलं आणि रस्त्याला लागलं. त्या दिवसानंतर मी एकदाही वायर तपासली नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा मूठ पूर्ण उघडली होती. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मन लागलं की मेंदू नवी वाट शोधतो. हाताबद्दल मला ते पटतंही. विमानाचं काय, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी मलाच तपासायला घेतलं असतं. ज्या दिवशी बाबांनी आपल्या हाताने वरणभात कालवला, त्या दिवशी आई मीठ आणते म्हणून उठली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून आलीच नाही. मीठ ताटातच होतं.

आणि कमाल बघा — हात सुधारला तसं लाकडी स्टिअरिंग चालेनासं झालं. बाबा चांगलं जोर लावून फिरवायचे आणि विमान आपलं नाकासमोर सरळ. “गाडी थकली,” म्हणाले आणि त्यांनी येणं सोडलं. हल्ली ते कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसतात आणि नव्या ड्रायव्हरांच्या चुका काढतात.

एवढ्यावरच असतं तर मी हे लिहिलं नसतं. योगायोग, सॉफ्टवेअरची गडबड, माझ्या डोक्याची गडबड… काहीतरी नाव देऊन मोकळी झाले असते. पण परवा अंगणात उन्हात बसलो होतो. मध्ये उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परात. बाबा उजव्या अंगठ्याने शेंगा फोडत होते, आणि तो अंगठा बघता बघता मला राहवलं नाही.

“बाबा, एक सांगू? तुमच्या बाजूचं स्टिअरिंग खोटं होतं. कशालाच जोडलेलं नव्हतं.”

“माहीत आहे मले. सिराजनं तवाच सांगतलं होतं.”

“मग गाडी कोण चालवतंय, असं वाटलं नाही तुम्हाला?”

“तू. अजून कोण?” त्यांनी दाणे तोंडात टाकले. “एक हात माया मुठीवर ठेवून दुसऱ्या हातानं तुया बाजूनं तूच त वळवत होतीस. मले का समजत नाई? पयले पयले लाज वाटे. मंग म्हटलं, लेक एवढा जोर लावून राह्यली, आपण बी थोडासा लावावा. लावत गेलो.”

“माझा हात होता? तुमच्या या हातावर?”

“मंग? चांगला गरम हात. पूर्ण मूठ झाकून घेत होतीस.” मग म्हणाले, “थे नवीन बसवलं ना, त्या दिवशी तू हात ठेवलाच नाई. मले वाटलं, कंटाळली पोरगी. वाईट वाटलं होतं मले.”

मी डावीकडच्या सीटवर बसत होते. बाबा उजवीकडच्या, आणि त्यांचा तो हात पलीकडच्या बाजूला. मधे पॅनलचा खांब. नंतर मी जाऊन बसून पाहिलं. कितीही वाकलं, हात ताणला, तरी माझी बोटं त्यांचं उजवं कोपर असायचं तिथपर्यंतसुद्धा पोचत नाहीत. आणि माझे हात, मी सांगितलंच आहे, पूर्ण वेळ माझ्याजवळच होते.

बाबा माझ्याकडे बघत होते. शेंग हातात तशीच. “तूच होतीस ना?”

“हो बाबा,” मी म्हटलं. “मीच होते.”

त्यांनी मान डोलावली, शेंग फोडली आणि त्याच हाताने दाणे माझ्या तळहातावर ठेवले.

विमान कसं वळत होतं, मला माहीत नाही. तो हात कुणाचा होता, तेही माहीत नाही. माझं सगळं शिकलेलं एका बाजूला ठेवून विचार केला, सगळं बरोबर घेऊन केला, दोन्हीकडून माझी मती गुंग होते. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर मला जरूर सांगा. बाबांना मात्र सांगू नका.